भावी सर

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला मला एक तरी फोन येतो. "अरे, पाच मिनिटं आहेत का? जरा वेगळंच बोलायचं होतं." हे 'वेगळं' काय असतं ते आता मला पाढ्यासारखं पाठ झालंय. बावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझ्याकडे कुणी उसने पैसे मागायला येत नाही, एवढी पत मी राखून आहे. फोन करणाऱ्याला शिक्षक व्हायचं असतं.

अशा माणसाला मी 'भावी सर' म्हणतो. जन्मखूण एकच: दहावीला गणितात 150 पैकी 148 आणि ते दोन मार्क कुठे गेले याचं अजून न संपलेलं दुःख. वय चाळीस ते पंचेचाळीस. नोकरी हिंजवडीत, घर वाकडला आणि या दोहोंच्या मध्ये भूमकर चौक. शिक्षक होण्याचा निर्णय बहुधा त्या चौकातच होतो, कारण शांतपणे बसून विचार करायला दिवसात तेवढीच जागा मिळते.

या दुखण्याला ऋतू असतात. एप्रिलमध्ये पगारवाढीचं पत्र येतं तेव्हा पहिला झटका. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पावसात दप्तरं भिजताना दिसतात, तेव्हा दुसरा. 5 सप्टेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर गुरूंचे फोटो फिरतात, तेव्हा तिसरा. आणि डिसेंबरात बॅचचं स्नेहसंमेलन होऊन जुन्या सरांच्या पाया पडून झालं की ताप थेट डोक्यात जातो. त्या दिवशी भावी सर खादीचं जाकीट विकत घेतो. बी.एड. करायच्या आधी जाकीट घेतलेले तीन जण मला माहीत आहेत.

माझा शाळासोबती त्यांतलाच. त्याचं बोलणं मी नेहमी पूर्ण ऐकून घेतो, कारण त्याच्या डोक्यातली शाळा फार सुंदर आहे. तिथे अकराला घंटा होते, पाचला सुटते, मे महिना आंब्यांचा असतो आणि मुलं टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी बसलेली असतात. तिथे आधार कार्डावरचं नाव आणि हजेरीपटावरचं नाव यांचं भांडण नसतं. अपार आयडी, यू-डायस, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मतदार यादीचं काम यांतलं काहीच नसतं. दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासायला येतात तेव्हा घरातली जेवायची जागा जाते, हे तर त्याच्या स्वप्नातही नाही.

"मला पैशात इंटरेस्ट नाही रे," तो म्हणतो. हे वाक्य तो ज्या गाडीत बसून म्हणतो तिचे अजून एकतीस हप्ते जायचेत.

एकदा मी वही-पेन घेऊन त्याला सगळं समजावलं. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं आहे. "शनिवार-रविवारचं नसतं का?" नसतं. सराव पाठ घ्यावे लागतात, टाचण काढावं लागतं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाई तुझ्या प्रत्येक वाक्यापुढे काहीतरी लिहीत असतात. त्यानंतर अभियोग्यता चाचणी: 200 प्रश्न, 120 मिनिटं. मग पवित्र पोर्टल. "नाव छान आहे," तो म्हणाला. हो, त्यावर नाव नोंदवून मुलं वर्षानुवर्षं तपश्चर्या करतात. त्यातूनही नंबर लागलाच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला मानधन 18,000.

"आठवड्याला?"

हा प्रश्न त्याने इतक्या निरागसपणे विचारला की मला त्याची दया आली. 2023 च्या आधी हा आकडा 8,000 होता, हे मी त्याला सांगितलंच नाही. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, आधी यांना आमच्या आठवीतल्याला शिकवू द्या. परवा अपूर्णांकावरून दोघं दोन दिवस बोलत नव्हते."

तरी त्याचा ताप उतरेना. शेवटी मी आमच्या मोठ्या बाईंना विचारून त्याला एक तास मिळवून दिला. दहावी 'ड', शनिवार, सुट्टीनंतरचा तास, विषय वर्गसमीकरणं. बाई म्हणाल्या, "येऊ दे. तुमचा तास ऑफ जाणारच होता."

तो जाकीट घालून आला. बरोबर लॅपटॉप, त्यात बावीस स्लाइड. वर्गात एक प्लग होता, पण त्यात 2019 पासून वीज नाही. मी त्याच्या हातात खडू दिला. त्याने तो मार्करसारखा टोकाशी धरला आणि पहिल्याच रेघेला खडूचे दोन तुकडे झाले. वर्ग खूश झाला. खडू चिमटीत आखूड धरायचा आणि फळ्याशी थोडा तिरका ठेवायचा, हे आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. शंभरेक खडू मोडले की हाताला कळतं. मग तो फळ्याकडे तोंड करून सलग सात मिनिटं लिहीत राहिला. त्या सात मिनिटांत मागच्या तीन बाकांनी जागा बदलल्या, एक डबा संपला आणि एका मुलाने खिडकीतून बाहेरच्या कुणाशी तरी व्यवहार पूर्ण केला. शिक्षक लिहितो तेव्हा त्याचा अर्धा खांदा वर्गाकडे असतो. ओळी वाकड्या येतात, पण वर्ग जागेवर राहतो. याच्या ओळीही सिंहगडाच्या वाटेसारख्या चढत गेल्या आणि वर्गही उतरणीला लागला.

"एनी डाऊट्स?" त्याने वळून विचारलं.

"सर, हे बोर्डाला किती मार्कांना येतं?"

"सर, तुमचं पॅकेज किती?"

दुसऱ्या प्रश्नाने तो जरा फुलला, पण उत्तर टाळून गणितावर आला. एका मुलाचं आजचं वय आणि पाच वर्षांनंतरचं वय यांचा गुणाकार 84 आहे, तर आजचं वय काय? समीकरण मांडलं, अवयव पाडले, उत्तरं आली 7 आणि वजा 12. "वय वजा नसतं, म्हणून वजा 12 सोडून द्यायचं," असं म्हणत त्याने झोकात काट मारली.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ती वर्षात दोनदा बोलते. "सर, वय वजा नसतं हे आपल्याला माहितीय. मग समीकरणाला माहीत नसतं का? त्याने ते उत्तर दिलंच का?"

वर्ग पहिल्यांदाच गप्प झाला. तो फळ्याकडे बघत राहिला. "गुड क्वेश्चन," तो म्हणाला. मीटिंगमध्ये या दोन शब्दांवर पंधरा मिनिटं निघतात. इथे साडेतीन सेकंद निघाले. मग घंटा झाली. आमचे शिपाईमामा कधी नव्हे ते वेळेवर होते.

बाहेर आल्यावर त्याने दोन ग्लास पाणी प्यायलं आणि जाकीट काढून हातावर टाकलं. पाठीवर खडूचा पांढरा पंजा उमटला होता. कुणाचा, ते आम्ही शोधलं नाही. "दिवसाला किती तास घेतोस?" त्याने विचारलं. सहा, मी म्हटलं, कुणी रजेवर असेल तर सात. तो काही बोलला नाही. गाडीपर्यंत चालत गेला. तो गप्प राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मला वाटलं, उतरला ताप. पण रात्री साडेअकराला फोन वाजला. भावी सरांचा मेसेज: "सापडलं. समीकरणाला मुलगा दिसतच नाही, फक्त संख्या दिसते. वजा 12 घे, त्यात 5 मिळव, वजा 7. गुणाकार 84. म्हणजे ते उत्तर चूक नाहीच, आपल्या गोष्टीत बसत नाही एवढंच. मी काट मारायला नको होती. तिला सोमवारी सांगशील?"

मी लिहिलं, "तूच येऊन सांग."

बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. मग उत्तर आलं: "सोमवारी क्लायंट कॉल आहे रे. मंगळवारी चालेल?"

मंगळवारी तो आला. जाकिटाशिवाय, लॅपटॉपशिवाय. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून त्याने तिला आठ मिनिटं समजावलं, मग परत हिंजवडीला गेला. बी.एड.चा अर्ज त्याने अजून भरलेला नाही आणि भरेल असं मला वाटत नाही. महिन्यातून एका शनिवारी मात्र येतो.

तेव्हा तुमच्याही घरात असा भावी सर असेल, तर त्याला पगाराचे आकडे सांगत बसू नका आणि जाकीटही घेऊ देऊ नका. जवळच्या शाळेत जाऊन शनिवारचा एक ऑफ तास मागून द्या. खडू शाळा देते. डस्टर मात्र घरून न्या. आमच्याकडे तीन वर्गांत मिळून एकच आहे.