कानसेन

बॉनेट उघडल्याचा खटका वाजला की कानसेन पार्किंगमध्ये हजर होतात. असे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीला लाभलेले असतात. बहुधा निवृत्त, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, आणि त्या हातांना ग्रीसचा डाग कधी लागला असेल असं वाटत नाही. त्यांचं काम सगळं कानानं चालतं.

"रेज कर," हा पहिला हुकूम. मालक ॲक्सिलरेटर दाबतो. कानसेनांचे डोळे मिटतात, मान तिरकी होते. "अजून एकदा." मग निकाल: "टर्बो गेला."

गाडी म्हणजे १.३ लिटरची डिझेल स्विफ्ट. गावात नीट चालते. खंबाटकीच्या चढाला पाय दाबला की पिवळा दिवा लागतो आणि पिकअप जातो. बंद करून पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमधून आलेला पोरगा स्कॅनर जोडतो. कोड येतो पी००८७, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, रेलमध्ये, दाब कमी.

"म्हणजे पंप," कानसेन तत्काळ म्हणतात. "टर्बो हे लक्षण, पंप हा रोग." त्यांचं निदान बदलतं, पण चुकत कधीच नाही. शिवाय ते नेहमी सर्वांत महाग भागापासून सुरू होतं. "बदलूनच टाक, कटकट नको," असं ते दुसऱ्याच्या पैशांबद्दल फार उदारपणे सांगतात.

आता, टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्या मापानं डिझेलही जास्त लागतं. चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. या इंजिनाच्या रेलमध्ये नुसतं उभ्या उभ्या तीनशे बारच्या आसपास दाब असतो आणि जोर लावला की तो दीड हजाराच्या घरात जातो. हजारावर अडकलेला दाब कानाला कसा कळणार? पण हे कानसेनांना विचारायचं नसतं.

पोरगा बोलत नाही. आधी डिझेल फिल्टर उघडून पाणी आहे का बघतो. मग पुरवठ्याच्या नळीत पारदर्शक तुकडा जोडून बुडबुडे शोधतो. कानसेनांना हा वेळकाढूपणा वाटतो. "इथून गळतंय बघ," म्हणत ते रेलच्या जोडाकडे बोट नेतात. पाठीमागचा हात पुढे आल्याची ही पहिलीच वेळ.

"काका, हात!" पोरगा ओरडतो. त्या दाबाची केसासारखी बारीक धारसुद्धा कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण गाठावं लागतं हॉस्पिटल. हात पुन्हा पाठीमागे जातात, या वेळी जरा घाईनं.

मग पोरगा चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडतो आणि इंजिन चालू करतो. कानसेन डोळे मिटतात; बाकीचे बाटल्यांकडे बघतात. तीन बाटल्यांच्या तळाशी जेमतेम डिझेल साचतं, एक मात्र भराभर वर चढते.

"हा इंजेक्टर रिटर्न मारतोय," पोरगा म्हणतो. "पंप ढकलतोय तेवढं हा मागच्या वाटेनं सोडतोय. उभ्या गाडीत पंप भरून काढतो, घाटात पुरा पडत नाही."

म्हणजे पंप वाचला, टर्बोही वाचला. मालकाच्या चेहऱ्यावर हिशेब उजळतो. कानसेन घसा खाकरतात. "मला वाटलंच होतं. तिसऱ्याचा आवाज मघापासून फुटका येत होता."

पोरगा नळी पुसता पुसता मान वर करतो. "बरोबर ओळखलंत काका, तिसराच. पण तुम्ही तिसरा कुठल्या बाजूनं मोजता?"

कानसेनांची मान पुन्हा तिरकी होते. डोळे मिटतात. पार्किंग श्वास रोखून निकालाची वाट बघतं.

"आमच्याच कुकरची शिट्टी," ते म्हणतात, "तिसरी," आणि झपाझप निघून जातात.