गाडी दौंडला आहे

त्याला तुम्ही ओळखता. बदली झालेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो असतो. आधी 'सामानवाले' या नावाने, आणि पंधरा दिवसांनी बायकामुलांसमोर उच्चारता न येणाऱ्या नावाने. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात कधीही न उघडलेली मोजपट्टी. घरात शिरल्यावर तो हॉलच्या मधोमध उभा राहतो, स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि निकाल देतो, "चौदा फुटी गाडीत आरामात बसतंय, साहेब."

आमच्या नागपूरच्या घरात त्याने अशीच गिरकी घेतली आणि शिरूरपर्यंतचे 22 हजार सांगितले. त्याच्या कार्डावर एका मोठ्या कंपनीचं नाव होतं, फक्त ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली. मला वाटलं, यांचं मुद्रितशोधन कच्चं आहे. प्रत्यक्षात कच्चं होतं ते माझं. बँकेत एकवीस वर्षं लोकांच्या कर्जाचे कागद तपासलेला मी, वाहतूकदाराला नोंदणी सक्तीची करणारा 2007 चा कायदा मला ठाऊक. आणि बिल्टीवर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी असताना मी दहा हजार आगाऊ मोजले. कारण एकच. निघताना त्याने बायकोला विचारलं होतं, "वहिनी, लोणच्याची बरणी असेल ना? ती कुणाला हात लावू देऊ नका. ती मी स्वतः बांधणार."

बरणी आईची. लोणचंही तिच्याच हातचं. ज्याला बरणीची काळजी, तो फ्रिजची किती घेईल, असा आम्ही हिशोब केला.

तिसऱ्या दिवशी सामान येणार होतं. आम्ही शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, रिकाम्या घरात चटईवर बसून वाट पाहत होतो. संध्याकाळी फोन केला.

"काळजीच करू नका साहेब. गाडी दौंडला आहे."

मी खूश. दौंड म्हणजे तासा-दीड तासाची वाट. बायकोने जेवणाआधीच फ्रिजची जागा पुसून घेतली. रात्री अकराला माझ्या डोक्यात नकाशा उलगडला. नागपूरहून येणारी गाडी संभाजीनगर, मग नगर आणि मग थेट शिरूर. दौंड वाटेत लागतच नाही. दौंडला पोचायला गाडीने नगरलाच शिरूरची वाट सोडून, हॉर्नसुद्धा न वाजवता दुसरीकडे वळायला हवं.

चौथ्या दिवशी गाडी दौंडला होती. पाचव्या दिवशीही होती. सहाव्या दिवशी मी आवाज चढवला, तेव्हा तो दुखावल्यासारखा म्हणाला, "साहेब, मी खोटं बोलेन का? गाडी दौंडलाच आहे."

बायको नागपूरची, रेल्वेवाल्याची मुलगी. पूर्वी मनमाडकडून येणारी पुण्याची गाडी दौंडला थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मग ती आल्या दिशेला तोंड करून निघायची. आता बाहेरून कॉर्ड लाइन झाली म्हणून ते टळलं. लहानपणी या खटाटोपात तिचे कितीतरी तास दौंडच्या फलाटावर गेलेले. ती शांतपणे म्हणाली, "काऊन जी, आता ट्रकचंही इंजिन उलटं लावून राहिले का दौंडला?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव दौंडकर पडलं. खऱ्या दौंडकरांनी माफ करावं. घरातली बोलीच बदलली. मुलाला विचारलं, "अभ्यास झाला?" तर उत्तर यायचं, "दौंडला आहे." गॅसवर कुकर ठेवून अर्धा तास झाला, शिट्टी नाही, "भात दौंडला दिसतोय."

सातव्या दिवशी दौंडकराने नवं कारण काढलं. "ई-वे बिलात अडकलंय, साहेब." वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, हे मी नियम काढून त्याला वाचून दाखवलं. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला, "लोकांना माहीतच नसतं." मग नवा आकडा आला: 38 हजार 500. त्यात समृद्धी महामार्गाचा टोल, 3 टक्के विमा, 18 टक्के जीएसटी आणि दुसऱ्या मजल्यावर सामान चढवण्याचे पैसे. आमचं घर तळमजल्यावर आहे. हे सांगितल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग उतरवण्याचे धरा."

मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे व्यवहार नागपूरला झाला तरी मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, हेही त्याला ठणकावून सांगितलं. तो भारावल्यासारखा म्हणाला, "कराच साहेब. हक्क आहे तुमचा. पण गाडी दौंडला आहे."

नेमक्या त्याच वेळी त्याच्या पाठीमागून एक बाई बोलल्याचं ऐकू आलं: "यात्रीगण कृपया ध्यान दें..." आणि मग इंजिनाची लांब शिट्टी.

मी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. हा माणूस खरोखरच दौंडला होता. इतक्या दिवसांत त्याने एकच वाक्य खरं सांगितलं होतं, आणि आम्ही हसत होतो ते नेमकं त्याच वाक्याला.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून न्हावऱ्यामार्गे चौफुला, पाटस करत, उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खात दौंड गाठलं. दोन तास विचारपूस केल्यावर रेल्वेलाइनच्या अलीकडे एक पत्र्याचं शेड सापडलं. आत चार संसार एकमेकांना टेकून उभे होते. कुणाचा पाळणा, कुणाची शाळेची सायकल, सगळ्यांवर खडूने आकडे. आमचा आकडा तीन. आणि मधोमध, माझ्या वडिलांच्या वेताच्या खुर्चीत, दौंडकर भाकरी खात बसलेला.

मला पाहून तो दचकला नाही. उठला, गमछ्याने खुर्ची झटकली आणि म्हणाला, "बसा साहेब. तुमचीच आहे."

माझी नऊ दिवसांची वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही आठवेना. मी बसलो.

मग उलगडा झाला. गाडी समृद्धीवर चढलीच नव्हती. नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर अशी इतरांचं सामान टाकत ती कुरकुंभला आली, आणि भाडं थकल्यामुळे ट्रकवाल्याने उरलेलं दौंडला उतरवून टाकलं. पुढच्या गिऱ्हाइकाचा आगाऊ आला की मागच्याचं सामान हलतं. माझ्या दहा हजारांत सोलापूरच्या कुणाचं तरी कपाट घरी पोचलं होतं. आता माझ्यासाठी नवं गिऱ्हाईक सापडायचं बाकी होतं. "हमालांचे मात्र त्याच संध्याकाळी देतो," तो म्हणाला. "ते थकवले तर पुढच्या वेळी पलंग कोण उचलणार?" सबंध हिशोबात तेवढी एक ओळ स्वच्छ होती. बँकेत मी याहून वाईट ताळेबंद मंजूर केलेले आहेत.

27 हजारांवर तोडगा निघाला. 'छोटा हत्ती' टेम्पोच्या दोन फेऱ्यांत रात्री दहापर्यंत सामान शिरूरला आलं. सोफ्याचा एक पाय नव्हता. मिक्सर होता, पण आमचा नव्हता. बरणी मात्र सात थरांत गुंडाळलेली: पुठ्ठा, बबल रॅप आणि सर्वांत आत आमचीच ठेवणीतली चादर. कुठे टवकासुद्धा उडाला नव्हता. झाकण उघडलं, तर लोणचं अर्धं.

बायकोने पदर खोचला. सामानाबरोबर आलेला दौंडकर खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, हात कुणाचा?"

"सासूबाईंचा."

"तरीच. मेथी आधी परतून घातलीय. आमच्या आईचं असंच असायचं."

बायको आत गेली. मला वाटलं, लाटणं आणते आहे. ती रिकामी बाटली घेऊन आली आणि उरलेल्यातलं अर्धं त्याला भरून दिलं. 22 चे 27 झाले होते, त्यावर हे.

तक्रार अजून चालू आहे. सणावाराला तो फोन करतो, तक्रारीची चौकशी करतो आणि "सोडू नका साहेब" म्हणून धीर देतो.

परवा आईला फोन केला, लोणचं संपल्याचं सांगायला. ती म्हणाली, "नवं घालून ठेवलं आहे. तू कधी येतं?"

"येतो ना. मार्चअखेरची गर्दी संपली की, बहुतेक पुढच्या महिन्यात... काळजीच करू नको."

दौंडकराची गोष्ट तिला सगळी पाठ आहे. जरा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "असू दे रे. म्हणजे गाडी दौंडलेच आहे अजून."