उसण ते ऑपरेशन : नवशिक्यांसाठी

कंबर धरायला पोतं उचलावं लागतं, हा गैरसमज आधी काढून टाका. गॅसचं सिलिंडर, लग्नातल्या गाद्यांची चळत, सासऱ्यांचं लोखंडी कपाट यांतून अनेक जण सुखरूप बाहेर आले आहेत. नवशिक्याने साधी सुरुवात करावी. मी सकाळी बेसिनवर वाकून दात घासत होतो. तोंडात फेस होता आणि शिंक आली. एवढंच. पुढची दहा मिनिटं मी त्याच कोनात होतो. हिला हाक मारायची तर फेस थुंकायला हवा, आणि थुंकायचं तर आणखी थोडं वाकायला हवं. शेवटी हिनेच डोकावून विचारलं, "अहो, काय पडलंय खाली?"

आता शब्द शिकून घ्या. पहिल्या दिवशी याला उसण भरली म्हणायचं, तिसऱ्या दिवशी लचक. आठवड्याने कळ मांडीमागून पोटरीत उतरली की सायटिका. सोसायटीच्या गेटपर्यंत बातमी जाते तेव्हा 'गादी सरकली' झालेलं असतं. गादी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तळताना करंजी फुटते आणि सारण कढईत पसरतं, तसंच. इथे ते सारण शेजारून जाणाऱ्या नसेवर पडतं, म्हणून दुखणं कमरेत आणि बोंब पायात. बहुतेकांच्या बाबतीत करंजी फुटते ती शेवटच्या दोन गाद्यांपैकीच एक, कारण सगळा भार तिथेच येतो.

यानंतर सल्लागार येतील. त्यांना चहा द्यावा, विरोध करू नये. आमच्याकडे चौथ्या दिवशी पायाळू आणला गेला. जन्मताना जो पायाकडून आला, त्याने उसणीवर पाय लावला की उसण पळते, हे शहरात वाढलेल्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमचा पायाळू म्हणजे वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा. क्लासला जाता जाता आईने त्याला पाठवला होता. "मोजा काढू का काका?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. त्याने भिंतीला धरून, अंडं फुटू नये इतक्या जपून, तीन वेळा माझ्या कमरेला पाय टेकवला आणि पळाला. उसण होती तिथेच राहिली, पण त्या दिवसात मला हसू आलेला तो एकमेव प्रसंग. हसताना फार दुखलं.

निरगुडीचा पाला, महानारायण तेल, गरम पाण्याची पिशवी, सगळं करा. कटिबस्तीही करा: कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल ओततात आणि आपण पालथं पडून राहायचं. उठल्यावर हलकं वाटतं. संध्याकाळपर्यंत.

मामा सांगतील, गादी टाकून दे, फळीवर झोप. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुख्यांना कडक आणि मध्यम कडक अशा गाद्या वाटून बघितल्या, २००३ सालची गोष्ट. तीन महिन्यांनी मध्यमवाले जास्त सुखात होते. मामांना हे सांगू नका. 'हलू नको, पडून राहा' हाही सल्ला हमखास मिळेल. हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर तोही तपासून झाला आहे, १९९५ मध्ये. ज्यांनी कळ सोसून जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवली, ते अंथरुणावर पडलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.

एक मेहुणा असा असतोच, जो म्हणतो, "सचिन चेन्नईला पाठ धरून १३६ काढतो, आणि तुम्हाला भाजी आणवत नाही?" त्याला नम्रपणे आठवण द्यावी की १९९९ ची ती कसोटी आपण १२ धावांनी हरलो.

मग एमआरआय. नळीतल्या ठोकाठोकीबद्दल बोलत नाही, कुणीतरी शेजारी फरशी बसवतंय असं समजून डोळे मिटावेत. खरी गोष्ट रिपोर्टची. त्यात दोन पानं असतात आणि जवळजवळ एकही क्रियापद नसतं. डिफ्यूज डिस्क बल्ज, थिकल सॅकवर दाब, लंबर लॉर्डोसिस नाहीसा. हा कागद घरात पत्रिकेसारखा वाचला जातो. फोटो फॅमिली ग्रुपवर जातो, न्यू जर्सीचा भाचा रात्री उठून 'ओह नो' लिहितो, आणि तोवर बरा चालणारा माणूस रिपोर्ट वाचून लंगडायला लागतो. मी लागलो होतो.

म्हणून हे आधीच वाचून ठेवा. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. ५२ टक्क्यांच्या निदान एका गादीला फुगवटा होता. निम्म्याअधिक धडधाकट माणसांच्या पत्रिकेत हाच मंगळ! रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते, 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. ती कुणी वाचत नाही. तिचा अर्थ, फोटो बाजूला ठेवा आणि माणूस तपासा.

सर्जन किमान दोन गाठावेत. मला तीन लागले. पहिल्यांनी फोटो दिव्यावर धरला आणि माझ्याकडे न बघता तारीख सुचवली. दुसरे म्हणाले, सहा आठवडे थांबा. तिसऱ्यांनी पाकीट उघडलंच नाही. मला उताणं झोपवून सरळ पाय हळूहळू वर उचलला. अर्ध्यावरच मी ओरडलो, ते समाधानाने 'हं' म्हणाले. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाचा अंगठा दाबून धरला आणि म्हणाले, "उचला." मग विचारलं, "पाय जास्त दुखतो की कंबर?"

सात आठवड्यांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता, आणि सगळं त्यावरच अडलेलं असतं. गादीचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन कमरेच्या भागात होत असलं तरी ते मुख्यतः पायासाठी असतं. नसेवरचा दाब जातो, पायातली कळ जाते, पुष्कळदा शुद्धीवर येतानाच. नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी ते केलं तर बऱ्याचदा टाके नवे आणि दुखणं जुनं, असं होतं. मणके स्क्रूने जोडणं हे वेगळंच प्रकरण, कुणी पहिल्याच भेटीत ते सुचवलं तर फाइल उचलून, हळू, बाहेर पडावं.

मग करायचं की नाही? हॉलंडमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये सायटिकाने बेजार झालेल्या २८३ जणांचे दोन गट केले: एकाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याने थांबायचं. लगेच केलेल्यांची कळ लवकर गेली. वर्षाअखेरी दोघेही सारखेच. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र मध्येच हात टेकले आणि ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे 'करून टाका' म्हणणारी वहिनी आणि 'कापू देऊ नको' म्हणणारे मामा, दोघंही बरोबर. सांडलेलं सारण शरीर बरेचदा स्वतःच आवरतं, पण त्याच्या सवडीने. तोवरच्या रात्री तुम्हाला काढता येतील का, रजा किती उरली आहे, घरात दुसरं कमावणारं कोण, हे फोटोत दिसत नाही.

इथे गंमत बंद. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, पाऊल लोंबायला लागलं, तर मामा, वहिनी, तेल, सगळं सोडून त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. त्यात थांबणं नाही.

मेडिक्लेमचा कागद आजच बघा. बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं मणक्याच्या दुखण्याला पैसे मिळत नाहीत, आणि ते बारीक अक्षरात असतं, वाकून वाचावं लागतं.

बाकी रोजचं जमून जातं. कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठायचं. उजवा मोजा हिने घालायचा. खाली पडलेल्या वस्तूकडे क्षणभर बघून, ती आपल्याला खरोखर हवी आहे का, हे ठरवायचं. आमच्या ओट्याखाली मोहरीच्या डबीचं झाकण दिवाळीपासून आहे.

ऑपरेशनची तारीख मी दोनदा घेतली आणि दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्या डॉक्टरांनी एक गृहपाठ दिला आहे: रोज सकाळी उजव्या पायाचा अंगठा वर उचलून बघायचा. तो उचलणारी नस नेमकी माझ्या फुटक्या करंजीजवळून जाते. अंगठा उचलला की थांबायला हरकत नाही, पडायला लागला की तारीख. मी पांघरुणातून पाय बाहेर काढतो, आणि ही चहा गाळता गाळता आतून विचारते, "अंगठा?" मी म्हणतो, "आहे."

परवा मी गंमत म्हणून उत्तरच दिलं नाही. ही गाळणं हातात घेऊन तशीच दारात आली, चहा फरशीवर ठिबकत होता. नवशिक्यांनी हा विनोद करू नये.