मोजणीवाले अण्णा

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला माणूस कादंबरी कशी वाचतो हे पाहायचं असेल, तर आमच्या वाचनालयात अण्णांच्या शेजारी बसावं. इतिहास, विज्ञान आणि पुराण एकत्र कालवलेलं पुस्तक त्यांना फार आवडतं. अशा पुस्तकात तक्रारीला वाव मोठा.

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ त्यांनी नेली. जमिनीच्या पोटातून लुप्त, प्रगत संस्कृतीची पेटी निघते, तिच्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडतो. यंत्र स्वतः विचार करतं, हे अण्णांनी विनातक्रार मान्य केलं. अडलं ते खोदकामापाशी. समासात पेन्सिलीचा शेरा: ‘गट नंबर नाही. सातबारा कोणाच्या नावे?’ पंचनाम्याशिवाय पेटी हलवली, म्हणून शास्त्रज्ञांवरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही.

नावावरून मग मूळ वामनही चौकशीत सापडला. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग मोजले, यात अण्णांना काडीची शंका नाही. एकूण गुंठे किती भरतात हे ते काढतही होते. एक गुंठा १०८९ चौरस फूट, इथवर हिशेब जमला. “पण लगतच्या कब्जेदारांना मोजणीची नोटीस? आणि तिसरं पाऊल खातेदाराच्या डोक्यावर? ही तर सरळ फौजदारी!” शेतकऱ्याच्या घरातले असल्याने ते बळीच्या बाजूचे. अपील प्रलंबित आहे, असं दर पाडव्याला सांगतात.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही तर कथा, पण सुटका तिचीही नाही. १४ जानेवारी १७६१ ला गोळी विश्वासरावांना चाटून जाते, मराठे जिंकतात, प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात फिरून येतात. अण्णा मान डोलावतात. मग मुंबईच्या वाटेवर इंग्रजांचा मुलूख लागतो, गाडीत परवाने तपासले जातात. इथे ते ताडकन उठले. “हद्दीचे दगड कुणी रोवले? नकाशा कुठाय?”

“अहो, गोष्ट आहे ती,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“म्हणून मोजणी खोटी करायची?”

मला विचाराल तर अण्णांचं चुकत नाही. उडी आकाशात मारा, पण पाय उचलला ती जमीन वाचक तपासणारच. प्राध्यापकांच्या खिशातून बखरीचं फाटकं पान निघालं, तेव्हा अण्णा प्रथमच खूश झाले: “हा झाला कागद!” लगेच शेराही पडला: ‘नक्कल प्रमाणित नाही.’

वाचनालयाने हे शेरे खोडणं सोडून दिलंय. यातलं पुस्तक हाती आलंच, तर समास वगळू नका.