पडणाऱ्याचा मूळ पगार

नहदा म्हणजे अरबीत उत्थान. अर्धी दुबईत, अर्धी शारजात पसरलेल्या आमच्या या अल नहदात खेडचे दाजी मात्र शिडीवरून थेट खाली आले. उजवा हात प्लास्टरमध्ये. कंपनीचा माणूस खजुराचा डबा घेऊन भेटायला आला, आणि डब्याखालून कागद निघाला. "सही पासपोर्टवर आहे तश्शीच हवी हं."

कायदा तसा वाईट नाही. इथला २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा कामावरच्या इजेच्या उपचाराचा खर्च मालकावर टाकतो. ६ महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, पुढचे ६ महिने निम्मा. माणूस गेलाच तर २४ महिन्यांचा मूळ पगार, किमान १८,००० दिरहम. 'मूळ' हा शब्द तेवढा चष्मा लावून वाचावा. दाजींच्या स्लिपवर मूळ पगार म्हणजे पानातलं मीठ, बाकी सगळं पान भत्त्यांचं.

दिसेल अशा जागी लावलेली सुरक्षेची सूचना जाणूनबुजून मोडली, तर भरपाई नाही, असंही एक कलम आहे. दाजी पडले मंगळवारी. पाटी लागली बुधवारी, चांगली ठळक, तीन भाषांत. ती ठोकायला त्याच शिडीवर चढलेल्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.