पंधरा टक्क्यांच्या भागीदाराचे शेठना पत्र

शेठ,

दिवाळीत तुम्ही पेढा हातावर ठेवून म्हणालात, "आजपासून पगार बंद. तू आता ड्रायव्हर नाहीस, भागीदार आहेस. भाड्याचे पंधरा टक्के तुझे." आनंदाच्या भरात मी तुमच्या पाया पडलो. आता चाकण-होसूर खेपेचा हिशोब हातात पडलाय.

भाडं ४०,०००. माझ्या अडाणी गणिताने माझे ६,००० होत होते. तुमच्या मुनीमजींनी डिझेलचे १९,०००, टोलचे ६,०००, दलालाचे २,०००, मागच्या टायरच्या रिमोल्डिंगचे ३,००० आणि चलनाचे २,००० आधीच वजा केले. उरले ८,०००. त्याचे पंधरा टक्के म्हणजे १,२००. ढाब्यावरचं जेवण यातूनच. होसूरहून माल मिळाला नाही म्हणून गाडी रिकामी आणली. ते डिझेल म्हणे पुढच्या खेपेत धरणार. माझी पुढची खेप निघण्याआधीच तोट्यात आहे.

बाकीचं एक वेळ सोडतो, पण ते चलन माझ्या घशाखाली उतरत नाही. कराडच्या अलीकडे गाडी अडवली. गाडीचा विमा संपलेला. विमा कोण भरतं? तुम्ही. कागद कुणाच्या कपाटात? तुमच्या. मी निघताना विचारलं तेव्हा "भरलाय, तू निघ" असं कोण म्हणालं? आणि दंड कापला आपल्या दोघांच्या भाड्यातून! मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ जरा वाचा. त्यात दोन हजार दंडाबरोबर तीन महिन्यांपर्यंतची कैदही लिहिली आहे. कैद झालीच तर तिचीही टक्केवारी ठरवून ठेवू. नव्वद दिवसांचे पंधरा टक्के, म्हणजे साडेतेरा दिवस माझे. उरलेले साडेशहात्तर तुम्ही कधी भोगायला येणार? डबा मी पाठवीन.

टायरही तसाच. तो या खेपेत फाटला नाही, दोन वर्षं झिजत आलाय. रिमोल्ड केलेला टायर उद्या दुसरा ड्रायव्हर पळवणार, गाडी विकाल तेव्हा त्याची किंमत तुम्हीच घेणार. मग त्याच्या खर्चात माझा वाटा कसा? गाडीच्या मालकीत मला पंधरा टक्के दिलेत का? आरसी बुकावर माझं नाव कुठे दिसलं नाही.

आणि ते हॉल्टिंग! होसूरला कंपनीच्या गेटबाहेर गाडी उभी, माल उतरवायला कुणी नाही. केबिनमध्ये झोप, डबक्यापाशी आंघोळ. कंपनीने त्याचे पैसे तुम्हाला दिले. मी वाटा मागितला तर मुनीमजी म्हणाले, "ते भाड्यात येत नाही." खर्च तेवढा सगळा भाड्यात येतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते. गेटबाहेर जागून काढलेल्या रात्री मी कोणत्या खात्यात टाकू?

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. "खर्च वजा केला नाही तर तुम्ही लोक डिझेल जाळता, विकता." मग ॲव्हरेज ठरवा. भरल्या गाडीचं वेगळं, रिकाम्या गाडीचं वेगळं. त्यापेक्षा जास्त जाळलं तर माझ्याकडून घ्या, वाचवलं तर अर्धं मला द्या. जे माझ्या पायाखालच्या पेडलवर आहे त्याचा जाब मी देईन. दलाल कोण, विमा कधी, टायर नवा की जुना, परतीला माल घ्यायचा की रिकामं पळायचं, हे तुम्ही फोनवर ठरवता. त्याचा भार माझ्या जेवणावर टाकू नका.

शेठ, तुमचीही अडचण दिसते. कंपनी बिल दोन-तीन महिन्यांनी चुकतं करते, पंपवाल्याला पैसे आजच लागतात, फायनान्सवाला हप्त्याच्या तारखेला दारात उभा असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण गेलं, पण भाडं वाढवून मागायची सोय तुम्हाला कुणी दिली नाही. तुम्ही स्वतः स्टीअरिंगवरूनच मालक झालात, मग वरून आलेला धक्का खाली ढकलायला कसे शिकलात? ज्या शेठने तुमचा भत्ता कापला होता, त्याला तुम्ही आजही शिव्या घालता. मीही घालतो आहे. फक्त कागदावर, आणि सभ्य भाषेत.

माझं मागणं एवढंच. भाडं पक्कं झालं की हॉल्टिंगसकट सगळ्या रकमेवर आधी माझे पंधरा टक्के बाजूला काढा, मग तुमचा खर्च लिहा. पंधरा जड वाटत असतील तर बारा करा, पण एकूण भाड्यावर. खर्च वजा करूनच टक्का द्यायचा असेल, तर प्रत्येक बिल दाखवा आणि मालभाडं ठरवताना मला शेजारी बसवा. यातलं काहीच जमत नसेल, तर पगार सुरू करा. पेढा परत देतो.

आणि हे वाचणाऱ्या ड्रायव्हर भावांनो, टक्का किती ते नंतर विचारा. टक्का कशावर, ते आधी लिहून घ्या.

आपला,
(कागदावर) भागीदार