धर्मकाट्यावरचे कोचभाऊ

महामार्गाच्या प्रत्येक चौकात एक कोचभाऊ असतोच. आमच्या जाम चौरस्त्यावरचा जरा जास्तच. नागपूर–हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचे पंक्चर काढता काढता त्यांनी एकदा फुटबॉलच्या ब्लॅडरला ठिगळ लावलं आणि त्या संध्याकाळपासून ते कोच झाले. “ज्याले बॉलच्या आतलं समजते, त्याले बाहेरचं काय अवघड हाय?” हा त्यांचा सवाल. स्वतः खुर्चीवरून उठत नाहीत. शिट्टी फुंकून छाती चांगली राहते म्हणतात.

पोट्टे कोणाचे? कापूस वेचणाऱ्या बायांचे, गिरणीतल्या कामगारांचे, ढाब्यावर भांडी घासणाऱ्यांचे. सगळे अनवाणी खेळतात. चपलांचे गोलपोस्ट केल्यावर पायात घालायला उरतं काय?

नागपूरचे विजय बारसे सर म्हणजे भाऊंचं दैवत. हिस्लॉप कॉलेजच्या या क्रीडाशिक्षकांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि 2001 साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, ही कथा भाऊ सत्यनारायणासारखी सांगतात. प्रसादाला भिजवलेले चणे. 2022 साली सरांवरचा ‘झुंड’ सिनेमा आला. तो पाहून आल्यावर भाऊ एवढंच बोलले, “अमिताभ ठीक हाय. पण पंक्चर कोण काढते, ते दाखवलंच नाही.”

पुढे कोणीतरी त्यांच्या डोक्यात फिटनेस भरला. वजन, उंची, 600 मीटर धावणं, सगळ्याची नोंद पाहिजे म्हणे. आता वजनकाटा आणायचा कुठून? समोरच ट्रकांचा धर्मकाटा होता! भाऊंनी अकराही पोट्टे एकदम चढवले, हलू नये म्हणून स्वतः मधोमध उभे राहिले. काटेवाल्यानं पुकारलं, “430!”

भाऊंनी भागाकार केला. “39 किलो परतेकी! पाहा, चण्याची ताकद!”

“भाऊ, माहं आन् या ढोल्या गोलकीपरचं वजन सारखं कसं?” काडीसारख्या पोट्ट्यानं विचारलं.

“टीम हाय ना बे? वजनबी वाटूनच घ्याचं.”

“भाऊ,” काटेवाला खिडकीतून ओरडला, “तुमी तं उतरा खाली!”

भाऊ उतरले. आकडा 340 वर आला.

रात्री टपरीवर भाऊ सांगत होते, “आपली ट्रेनिंग पाहा लेको. एका मिनिटात टीमचं 90 किलो वजन उतरवलं.”